गोरेगावच्या पुढचे सात किलोमीटर

मशीद बंदरला दिवाळीची खरेदी उरकली की बोरिवलीकरापुढे दोन वाटा असतात. मेन लाइनने दादरला उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेच्या गर्दीत शिरायचे, ही एक. दुसरी हार्बर लाइनची. गोरेगाव लोकल पकडायची, मांडीवर कंदिलाची पिशवी आणि पायाशी रांगोळीच्या रंगांचे पुडके ठेवून बसायचे. शिवडी, वडाळा, किंग्ज सर्कल मागे टाकत गाडी माहीमला पश्चिमेच्या रुळांशेजारी येते, वांद्रे-अंधेरी करत राम मंदिर घेते आणि गोरेगावला थांबते. हार्बर इथे संपते. घर अजून सात किलोमीटर लांब असते. पिशव्या सावरत पूल चढावा लागतो, इंडिकेटरकडे पाहावे लागते आणि आधीच भरून आलेल्या बोरिवली स्लोमध्ये पाय ठेवण्यापुरती जागा शोधावी लागते.

हे सात किलोमीटर कागदावर केव्हाच जोडले गेले आहेत. अंधेरीला थांबणारी हार्बर २९ मार्च २०१८ रोजी गोरेगावपर्यंत आली. पुढच्याच वर्षी, मार्च २०१९ मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एमयूटीपी ३ अ’ला, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याला, मंजुरी दिली. तीस हजार कोटी रुपयांहून मोठ्या त्या आराखड्यात गोरेगाव ते बोरिवली हा विस्तार आहे. आधी मालाड, मग बोरिवली, असे त्याचे दोन भाग. मालाडला जमिनीवर जागा उरलेली नाही, म्हणून तिथे हार्बर उचलून खांबांवर न्यायची आहे.

जागा उरलेली नाही. उपनगरी रेल्वेची कोणतीही योजना उघडली तरी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या पानावर भेटतेच. या अंकाच्या सुरुवातीला तेच वाक्य उलगडून पाहायचे आहे, कारण जागा आपोआप संपत नसते.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत लोकांच्या आधी गाडी आली होती. एप्रिल १८६७ मध्ये बीबीसीआय या रेल्वे कंपनीची विरार ते बॅकबे ही पहिली लोकल सुरू झाली. तिच्या थांब्यांत ‘बेरेवला’ होते, ‘पहाडी’ होते, ‘अंदारू’ होते. आजचे बोरिवली, गोरेगाव आणि अंधेरी. तेव्हा ही गावे होती. शेते, वाड्या, खाजणे यांच्या मधून रूळ गेले. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेवरची गाडी धावू लागली, तेव्हाही बोरिवली मुंबईत नव्हती. ती आणि मुलुंड बृहन्मुंबईत आले १९५७ साली. म्हणजे रेल्वे आल्यानंतर तब्बल नव्वद वर्षे रुळांच्या दोन्ही अंगांना मोकळी जमीन होती, पुढे इथे किती माणसे येतील याचा अंदाज बांधायला वेळ होता, आणि आणखी चार मार्गांची पट्टी राखून ठेवायला फक्त एक रेघ मारावी लागली असती.

ती रेघ मारायची दृष्टी त्या काळात अगदीच नव्हती असेही नाही. मुलुंडचे उदाहरण घरचेच आहे. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी मुलुंडची आखणी केली ती स्टेशनापासून. स्टेशन ते पाच रस्ता, आणि तिथून काटकोनात फुटणाऱ्या सरळ गल्ल्या. आज मुलुंड कितीही दाटले असले तरी स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस कोणत्या दिशेने जायचे ते न विचारता ओळखतो. मालाडला स्टेशनच्या पायरीवरून उतरले की थेट दुकानांच्या रांगेत पाऊल पडते. रिक्षा, हातगाडी, बस आणि माणूस एकाच बोळातून वाट काढतात. दोन्ही उपनगरे एकाच शहराची. एकाचे रस्ते वस्तीच्या आधी आखले गेले, दुसऱ्याचे वस्तीच्या मागून.

आखलेली रेघ पुसलीही जाते. १९२८ मध्येच जीआयपी रेल्वेने अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत एक मार्ग सुरू केला होता. पश्चिम आणि पूर्व उपनगरांना आडवा जोडणारा तो धागा होता. सहा वर्षांत, १९३४ मध्ये, तो बंद झाला. सांताक्रूझच्या विमानतळाच्या वाटेत तो येत होता. त्यानंतर अंधेरीहून घाटकोपरला जायचे तर रस्त्याने तरी जायचे, नाहीतर दादरला वळसा घालून. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावली तेव्हा हा सबंध मार्ग वीस-बावीस मिनिटांवर आला. मेट्रोचा मार्ग अवघा ११.४ किलोमीटरचा, स्थानके १२. एक आडवा मार्ग गमावून दुसरा मिळायला उपनगरांना ऐंशी वर्षे लागली.

मोकळी जमीन राखली नाही की तिच्यावर माणसे राहायला येतात. मुंबईत ती रुळांना खेटून राहिली, कारण दुसरीकडे परवडत नव्हते. झोपड्या इतक्या जवळ होत्या की काही पट्ट्यांत गाड्यांना वेग कमी करावा लागे. जुलै १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९. महामंडळाने जागतिक बँकेच्या कर्जावर पहिला एमयूटीपी हाती घेतला, तेव्हा रूळ टाकण्याआधी हजारो कुटुंबांना हलवायचे होते. त्या कामात एक नवी गोष्ट घडली. ‘स्पार्क’ ही स्वयंसेवी संस्था, जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टी निवासी महासंघ आणि ‘महिला मिलन’ यांच्या पुढाकाराने वस्तीतल्या बायकांनीच आपल्या झोपड्या मोजल्या, नकाशे काढले, कोण कुठे राहते त्याच्या याद्या केल्या. मोजणीला पोलीस आणावे लागले नाहीत. हजारो कुटुंबे रुळांपासून दूर पक्क्या घरांत गेली आणि मार्ग मोकळे झाले.

याच कथेचा दुसरा भाग मानखुर्द-गोवंडीला पाहायला मिळतो. लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींतल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही. डॉक्टरांच्या पाहणीत या वसाहतींमधला क्षयरोग आणि घरांतली कोंडलेली हवा यांचा संबंध पुढे आला. मध्य उपनगरांत रुळांकडेला राहणाऱ्या बाईला घर मिळाले, पण धुण्याभांड्याची कामे जिथे होती तो परिसर दहा-बारा किलोमीटर मागे राहिला. तिच्या घरावरून जी गाडी जायची होती, त्याच गाडीने आता तिला कामाला जावे लागते.

गोरेगाव-बोरिवली पट्ट्यात हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवायची गरज नाही. जे हलवले जातील त्यांची घरे त्याच वॉर्डात, शाळा आणि कामाच्या टप्प्यात असावीत. ती तयार झाल्यावरच रुळांचे काम सुरू व्हावे. दिघा ते कळवा या जोडमार्गाचे काम पुनर्वसनापाशीच अडले, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. घर आधी दिले तर खर्च वाढतो, असे म्हटले जाते. अडून राहिलेल्या वर्षांचा खर्च मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. तो प्रवासी रोज दारात लटकून भरतो.

अरुंद पट्टीत काम करणे म्हणजे काय, हे गेल्या काही वर्षांत पश्चिम उपनगरांनी अनुभवले आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांना लोकलच्या मार्गांपासून वेगळे करण्यासाठी सहावा मार्ग टाकायचा होता. खार ते गोरेगाव हा ८.८ किलोमीटरचा तुकडा जोडण्यासाठी २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर २९ दिवसांचा ब्लॉक घेतला गेला. शेवटच्या टप्प्यात रोज शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. फराळाचे सामान घेऊन निघालेली माणसे अंधेरीच्या फलाटावर तासन्‌तास ताटकळली. पुढच्या वर्षी गोरेगाव ते कांदिवली हा साडेचार किलोमीटरचा टप्पा आला. मालाडला मोकळी जागा पश्चिमेकडे होती. त्यामुळे चालू असलेले पाचही मार्ग एकेक करून तोडून, सरकवून पुन्हा जोडावे लागले. हे सगळे वाहतूक पूर्ण न थांबवता, रात्रीच्या ब्लॉकांमध्ये. त्याच पट्टीत आता हार्बरच्या दोन मार्गांना जागा द्यायची आहे.

जमीन आधीच राखली असती तर काय झाले असते, याचे उत्तर खाडीपलीकडे आहे. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून खाडी ओलांडून हार्बर वाशीला पोचली. नवी मुंबईत रेल्वेमार्गांच्या खर्चाचा ६७ टक्के भाग ते शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाने उचलला, रेल्वेने ३३. रुळांची पट्टी शहराच्या नकाशातच होती. वाशी, सानपाडा, नेरूळची स्थानके पाहिली की फरक कळतो: रुंद फलाट, दोन्हीकडे उतरणाऱ्या वाटा, बाहेर बससाठी मोकळे आवार. सिडकोलाही सगळे साधले नाही. बेलापूर-उरण मार्गाची आखणी नव्वदीच्या दशकातली. खारफुटी आणि भूसंपादनात अडकत तो २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत गेला. तरीही जिथे जमीन आधी राखली, तिथे गाडी माणसांची वाट पाहत उभी राहिली. बोरिवलीत माणसे गाडीची वाट पाहत उभी आहेत.

रूळ बोरिवलीला पोचले की काम संपले, असा समजही सोडायला हवा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी गाड्या होत्या, फलाट होते. नव्हता तो पुरेसा रुंद पूल. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. घाटकोपरला मेट्रो आल्यावर लोकलचा फलाट आणि मेट्रोचा जिना यांच्यामध्ये जी कोंडी रोज होऊ लागली, तिची तयारी मेट्रोच्या आधीच व्हायला हवी होती. मालाडचे उन्नत स्थानक आखताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा तो जिन्यांचा. किती माणसे एका मिनिटात खाली उतरतील? उतरून कुठे उभी राहतील? गुडघे दुखणाऱ्या आजीबाई सरकत्या जिन्यापर्यंत पोचतील का? बेस्टची बस स्टेशनाच्या किती जवळ येईल?

दुसरा प्रश्न गाड्यांचा. हार्बर सात किलोमीटर लांबली की प्रत्येक गाडीची फेरी दोन्ही वेळचे मिळून साधारण अर्ध्या तासाने वाढेल. दर पंधरा मिनिटांना एक गाडी हवी असेल तर तेवढ्यासाठीच दोन गाड्या जास्तीच्या लागतील. त्या उभ्या करायला जागा लागेल, चालवायला मोटरमन आणि गार्ड लागतील. त्यातच या गाड्यांना वडाळ्याला पनवेलच्या गाड्यांबरोबर एकाच मार्गावरून सीएसएमटीकडे जायचे आहे. तिथली सिग्नल यंत्रणा सुधारली नाही तर बोरिवलीला फलाट मिळेल, त्यावर गाडी क्वचित येईल. रोज सत्तर लाखांहून अधिक माणसांना नेणाऱ्या या जाळ्यात दरवर्षी दोन हजारांहून अधिक जीव रुळांवर आणि रुळांकडेला जातात. गर्दीच्या वेळी वाढलेली प्रत्येक फेरी त्या आकड्याशी थेट बोलते. म्हणून उद्घाटनाच्या तारखेइतकेच वेळापत्रकही आधी जाहीर व्हायला हवे: सकाळी आठ ते अकरा या वेळात बोरिवलीहून हार्बरच्या किती गाड्या सुटणार?

आणि जी उपनगरे आज तेव्हाच्या पहाडी-बेरेवलासारखी अर्धी मोकळी आहेत, त्यांच्याकडेही आजच पाहायला हवे. विरार ते डहाणू हा ६४ किलोमीटरचा मार्ग चौपदरी होतो आहे, पनवेल-कर्जत लोकलसाठी नवा मार्ग उभा राहतो आहे. त्या वाटेवरच्या गावांत मनोऱ्यांच्या जाहिराती स्टेशनच्या आधी पोचल्या आहेत. सफाळे, पालघर, चौक, मोहोपे इथल्या विकास आराखड्यांत पुढच्या दोन मार्गांची आणि स्टेशनबाहेरच्या चौकाची जमीन आताच राखून ठेवता येईल. तिथे आज एक रेघ पुरेल. तीस वर्षांनी तिथेही खांब उभारावे लागतील, आणि सात किलोमीटरसाठी पुन्हा तीच वर्षे मोजावी लागतील.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही शेवटची गाडी कारशेडला गेली की ट्रॅकमन टिकाव, घमेली आणि बॅटऱ्या घेऊन रुळांवर उतरतील. मालाड-कांदिवलीच्या पट्टीत एका अंगाला घरांच्या गॅलऱ्यांतले कंदील असतील, दुसऱ्या अंगाला त्यांच्या हेल्मेटवरचे दिवे. पहाटे पहिली बोरिवली लोकल सुटायच्या आत त्यांना घरी निघायचे असेल, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पाडव्याच्या अभ्यंगस्नानासाठी पहाटेच्या गाडीने विरारपलीकडे जायचे असेल. त्यांना, रात्रपाळीच्या मोटरमनना, गोरेगावला गाडी बदलणाऱ्या सगळ्यांना आणि हा अंक लोकलमध्ये उघडणाऱ्या वाचकांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.