एडिंबरोच्या किल्ल्यांतील भुतें

भुताची गोष्ट नको असें म्हणणारा विद्यार्थी मला इतक्या वर्षांच्या शिक्षकीपेशांत अद्याप भेटावयाचा आहे. बीजगणिताच्या तासाला जांभया देणारीं मुलें, "सर, एक भुताची गोष्ट सांगा," असें कोणी म्हणतांच ताठ होऊन बसतात. आणि गोष्ट रंगली म्हणजे पहिल्या बाकावरील धीट मंडळीहि हळूच शेजाऱ्याला खेटून सरकतात. यांत मला कांहीं वावगें दिसत नाहीं. भय आणि कुतूहल हीं दोन्ही मनुष्यस्वभावांतच आहेत, व त्यांना थोडेंबहुत खाद्य मिळावयासच पाहिजे. माझें म्हणणें निराळें आहे. हल्लींचीं मुलें भुताची गोष्ट नुसती ऐकत नाहींत; ती 'सिद्ध झालेली' पाहतात. एखाद्या जुन्या किल्ल्यांत रात्रीं दिवे मालवून, हातांत नाना प्रकारचीं यंत्रें घेऊन हिंडणाऱ्या मंडळींचीं चलच्चित्रें मोबाइलवर पाहून तीं दुसऱ्या दिवशीं विचारतात, "सर, आतां तर शास्त्रानेंच दाखविलें ना?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं, आणि आईबापांनींहि तो तसा नेऊं नये. म्हणून या बाबतींत ज्याचें नांव वारंवार निघतें, त्या स्कॉटलंडांतील एडिंबरोच्या किल्ल्याविषयीं चार शब्द लिहितों.

एडिंबरो हें शहर आपल्याकडील मिशनशाळांस अगदींच परकें नाहीं. १८२९ सालीं मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे तेथीलच विद्यापीठांत शिकलेले होते. शहराच्या मध्यावर, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर, हा किल्ला उभा आहे. तीन बाजूंस तुटलेले कडे, आणि पूर्वेस मात्र उतार. त्या उतारानेंच जुना राजरस्ता शहरांत उतरतो. किल्ल्यांतील सर्वांत जुनी इमारत म्हणजे सेंट मार्गारेटचें लहानसें प्रार्थनामंदिर, तें सुमारें ११३० सालचें आहे. एवढ्या दीर्घ काळांत येथें काय घडलें नाहीं? १४४० च्या नोव्हेंबरांत डग्लस घराण्यांतील तरुण सरदार विल्यम व त्याचा धाकटा भाऊ यांस मेजवानीस बोलावून ठार मारण्यांत आलें. राजा दुसरा जेम्स त्या वेळीं अवघा दहा वर्षांचा होता. (त्या मेजवानींत मृत्यूची खूण म्हणून काळ्या बैलाचें मुंडकें ताटांत आणून ठेविलें होतें, ही भर मात्र मागाहून पडलेली आहे. भयंकर गोष्ट पुरेशी भयंकर नाहीं असें सांगणाऱ्यास नेहमींच वाटतें.) पुढें अठराव्या शतकांत किल्ल्याच्या तळघरांतून युद्धकैदी कोंडूं लागले. १८११ सालीं त्यांतील ४९ जण तटाला भोंक पाडून कड्यावरून उतरून पळाले. एकजण पडून मेला. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईंत पकडलेला पांच वर्षांचा एक ढोल वाजविणारा मुलगाहि या तळघरांत होता, असें किल्ला पाहावयास येणाऱ्यांस सांगण्यांत येतें.

अशा जागीं भुतें नसतीं तरच नवल. सर्वांत प्रसिद्ध गोष्ट बॅगपाइप वाजविणाऱ्या मुलाची. किल्ल्याखालीं एक भुयार सांपडलें; तें कोठें जातें हें कळावें म्हणून एका मुलाला बॅगपाइप वाजवीत आंत पाठविलें; वरून लोक त्या आवाजाच्या मागोमाग राजरस्त्यानें चालूं लागले; निम्म्या वाटेवर आवाज एकाएकीं थांबला. मुलगा पुन्हा दिसला नाहीं, पण त्याचे सूर अद्याप जमिनीखालून ऐकूं येतात म्हणे. दुसरी गोष्ट डोकें नसलेल्या नगारजीची. १६५० सालीं क्रॉमवेलच्या सैन्याचा वेढा पडण्यापूर्वीं तो तटावर फिरतांना दिसला, असें सांगतात. पहिल्या गोष्टींत त्या मुलाला नांव नाहीं, सालहि नाहीं, आणि त्याच्या आईनें पुढें काय केलें याचा उल्लेख नाहीं. हीच गोष्ट स्कॉटलंडांतील दुसऱ्या किल्ल्यांविषयीं व गुहांविषयींहि सांगतात. गोष्ट म्हणून ती मला आवडते. पण पुरावा म्हणून तिला उभें केलें तर ती एक पाऊलहि चालत नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे, कारण तिच्यांतील स्त्री खरोखर होऊन गेली. जॅनेट डग्लस, म्हणजे लेडी ग्लॅमिस, हिला १७ जुलै १५३७ रोजीं याच किल्ल्यासमोर जिवंत जाळण्यांत आलें. भुतांच्या कथा सांगणारे तिला 'चेटकीण म्हणून जाळलेली बाई' म्हणतात. वास्तविक तिच्यावर ठेविलेला आरोप चेटकाचा नव्हता, राजाला विष घालण्याच्या कटाचा होता. आणि राजा पांचवा जेम्स याचें डग्लस घराण्याशीं हाडवैर होतें. तिच्या अल्पवयी मुलासहि कैदेंत टाकलें होतें, व राजाच्या मृत्यूनंतरच तो सुटला. आतां पाहा, भूतकथेनें काय केलें! तिनें बाई ठेविली, ज्वाळा ठेविल्या, आणि राजाचें वैर तेवढें झांकून टाकलें. करमणुकीची ही किंमत मला फार वाटते.

आतां शास्त्रीय तपासाकडे वळूं. इंग्लंडांतील हर्टफर्डशर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन व त्यांचे सहकारी यांनीं अशा दोन जागांचा पद्धतशीर अभ्यास केला व तो २००३ सालीं प्रसिद्ध केला. एक जागा लंडनजवळील हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा, आणि दुसरी एडिंबरोच्या किल्ल्यापासून मैलाच्या आंत असलेल्या साउथ ब्रिज नांवाच्या जुन्या पुलाखालच्या अंधाऱ्या कोठड्या. एडिंबरो येथील प्रयोग २००१ च्या एप्रिलांत झाला. दोनशेंहून अधिक माणसांस लहान लहान तुकड्यांनीं कोठड्यांत नेऊन प्रत्येकास एकेका कोठडींत कांहीं वेळ एकटें बसविलें, आणि जें जाणवेल तें लिहून काढावयास सांगितलें. कोणती कोठडी 'झपाटलेली' समजतात हें त्यांना सांगितलें नव्हतें. जवळजवळ निम्म्या लोकांनीं कांहीं ना कांहीं चमत्कारिक अनुभव लिहिले: एकदम गार वाटलें, कोणी पाहत आहे असें वाटलें, कोणाचा तरी श्वास ऐकूं आला. विशेष हें कीं, ज्या कोठड्यांची पूर्वींपासून दुष्कीर्ति होती त्याच कोठड्यांतून असे अनुभव अधिक आले!

येथपर्यंत ऐकून आमचे विद्यार्थी टाळ्या पिटतात. परंतु तपास येथें संपत नाहीं. खरें म्हणजे येथें सुरू होतो. वाइझमन यांनीं प्रत्येक जागेचीं मापें घेतलीं होतीं. लोकांचे अनुभव आणि जागेचा आकार, तेथील उजेड, चुंबकीय क्षेत्रांतील चढउतार अशा गोष्टी यांचा मेळ बसत होता. हॅम्प्टन कोर्टमध्यें तर कित्येक 'गार जागा' म्हणजे जुन्या, लपलेल्या दारांच्या फटींतून येणारा वारा होता. म्हणजे शतकानुशतकें माणसें त्याच ठिकाणीं दचकत आलीं, कारण ती जागाच दचकविणारी आहे. आणि दचकण्याचा बोभाटा झाल्यावर तेथें भूत येऊन राहिलें. अर्थात् या मेळांतून सर्वच अनुभवांचा उलगडा झाला असें नाहीं, व अभ्यासकांनींहि तसें म्हटलेलें नाहीं. पण न उलगडलेल्या गोष्टीला भूत हें नांव देणें म्हणजे तिचा उलगडा करणें नव्हे.

मला या प्रयोगांत सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी शिस्त: अनुभव निराळा आणि अनुमान निराळें. "मला त्या कोठडींत गार वाटलें," हा अनुभव आहे. त्यांत कोणी खोटें बोलत नाहीं, आणि त्याला भित्रा म्हणून हिणविणें हा अन्याय आहे. "तेथें मेलेल्या माणसाचा आत्मा उभा होता," हें अनुमान आहे, आणि त्याला पुरावा लागतो. ही शिस्त शास्त्रज्ञासहि सुटत नाहीं. कॉव्हेंट्री येथील व्हिक टँडी नांवाच्या अभियंत्यास आपल्या प्रयोगशाळेंत डोळ्यांच्या कडेला एक करडी आकृति दिसली. दुसऱ्या दिवशीं चिमट्यांत आवळलेलें तलवारीचें पातें आपोआप थरथरतांना पाहून त्यानें शोध लाविला कीं, एका पंख्यामुळें खोलींत कानास ऐकूं न येणारा, सेकंदास सुमारें १९ आंदोलनांचा मंद नाद भरला होता. हें त्यानें १९९८ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुष्कळांस वाटलें कीं भुतांचें कोडें सुटलें. पण लंडनमधील अभ्यासकांनीं मुद्दाम एक खोली उभारून, तींत असा नाद व विद्युच्चुंबकीय क्षेत्र कधीं सोडून कधीं बंद ठेवून, ७९ माणसांवर प्रयोग केला. २००९ सालीं त्यांनीं निष्कर्ष मांडला: विचित्र अनुभव पुष्कळांस आले, परंतु नाद चालू होता कीं बंद, याच्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता! टँडीचें अनुमान भुताच्या अनुमानापेक्षां कितीतरी सुबुद्ध होतें, तरी त्यालाहि परीक्षेस बसावें लागलें.

यंत्रें घेऊन हिंडणारी ती मंडळी नेमकी हीच शिस्त पाळीत नाहींत. हातांतील यंत्राचा दिवा लुकलुकला म्हणजे जवळ चुंबकीय क्षेत्र आहे एवढेंच कळतें. मग तें भिंतींतील विजेच्या तारेचें असो कीं सोबत्याच्या खिशांतील फोनचें असो. शिवाय दिवे मालवून शोध करणारा संशोधक मीं दुसऱ्या कोणत्याहि शास्त्रांत पाहिलेला नाहीं.

पालकांस वाटेल, एवढ्याशा करमणुकीवर मास्तर केवढें हें प्रवचन झोडतात! त्यांनीं कृपा करून पुन्हा एकदां त्या किल्ल्यासमोरच्या उतारावर यावें. १९ जून १५६६ रोजीं किल्ल्यांतील एका चिमुकल्या खोलींत राजपुत्र जन्मला, तोच पुढें राजा सहावा जेम्स. १५९० सालीं तो डेन्मार्कची राजकन्या ॲन हिला राणी करून समुद्रमार्गें परत येत असतां वादळांनीं जहाजें पछाडलीं. वादळ खरें होतें, भीति खरी होती. पण चेटकिणींनीं हें वादळ उठविलें असें अनुमान निघालें, आणि धरपकड सुरू झाली. ॲग्नेस सॅम्प्सन ही सुईणपण व औषधपाणी करणारी स्त्री होती. तिचें डोकें भादरलें, तोंडांत लोखंडी लगाम घातला, तिला झोपूं दिलें नाहीं. खुद्द राजानें तिची चौकशी केली. शेवटीं जें हवें होतें तें तिच्या तोंडून निघालें. २८ जानेवारी १५९१ रोजीं किल्ल्यासमोर तिचा गळा आवळून देह जाळण्यांत आला. राजा ज्या किल्ल्यांत जन्मला त्याच्याच दारांत!

स्कॉटलंडांत चेटकाविरुद्धचा कायदा १५६३ पासून १७३६ पर्यंत चालू होता. एडिंबरो विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं जमविलेल्या नोंदींप्रमाणें त्या काळांत सुमारें ३,८०० माणसांवर हा आरोप आला. त्यांत पांचांत चारांहून अधिक स्त्रिया होत्या. या छळांत तेथील पाद्री व मंडळ्यांचे वडीलजन मागें नव्हते, किंबहुना पुष्कळ ठिकाणीं पुढेंच होते. ख्रिस्ती शाळेच्या वार्षिकांत हें लिहितांना लेखणी अडखळते. पण ती अडखळली म्हणून थांबूं नये. ८ मार्च २०२२ रोजीं स्कॉटलंडच्या तेव्हांच्या मुख्य मंत्री निकोला स्टर्जन यांनीं या स्त्रीपुरुषांची जाहीर क्षमा मागितली, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेनेंहि ती मागितली. उशीर चार शतकांचा झाला. आपल्या महाराष्ट्रांत अमक्यानें करणी केली, तमकीनें मंत्रतंत्रानें गुरांचें दूध आटविलें, असा बोभाटा करून माणसाचा छळ करणें हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा ठरला आहे. असा कायदा विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकांत करावा लागला, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

एडिंबरोच्या त्या उतारावर भिंतींत बसविलेला एक लहानसा फवारा आहे; त्याला 'चेटकिणींची विहीर' म्हणतात. १८९४ सालीं तो पॅट्रिक गेडिस यांच्या पुढाकारानें जॉन डंकन या चित्रकारानें तयार केला. हेच गेडिस पुढें १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या शाखेचे पहिले प्राध्यापक झाले. जळालेल्यांची आठवण ठेवावी असें त्यांना वाटलें, हा त्यांचा मोठेपणा. परंतु फवाऱ्यावरील पाटीचा आशय असा आहे कीं, कित्येकींनीं आपलें असामान्य ज्ञान दुष्ट कामीं लाविलें, व इतरांविषयीं मात्र गैरसमज झाला. कित्येकींनीं म्हणजे कोणीं? कोणत्या पुराव्यावरून? लगाम घालून काढलेल्या कबुलीखेरीज दुसरा पुरावा तेव्हांहि नव्हता आणि आजहि नाहीं. ही पाटी बदलावी असें माझें स्पष्ट मत आहे. तीवर ॲग्नेस सॅम्प्सनचें नांवहि नाहीं. फवारा किल्ल्याच्या वाटेवरच आहे, पण आकारानें इतका लहान कीं बहुतेक प्रवासी तो न पाहतांच पुढें जातात. त्यांतील कित्येकांस संध्याकाळची भुतांची सहल गांठावयाची असते.