विश्लेषण : ‘इकिगाई’ची चार वर्तुळे जपानी आहेत का?

तुम्हाला काय आवडते, काय जमते, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात? ही चार वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे म्हणे तुमचे ‘इकिगाई’. समाजमाध्यमांपासून कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांपर्यंत ही आकृती सर्रास दाखवली जाते. ती मुळात जपानी नाही.

मग ती आली कुठून?

स्पेनमधील आंद्रेस सुसुनागा यांनी ‘जीवनहेतू’ समजावण्यासाठी ती काढली. २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने मधल्या ‘हेतू’च्या जागी ‘इकिगाई’ लिहिले, एवढाच बदल. पुढे एक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस यांचे पुस्तक जगभर खपले, मराठीतही आले. जपानी शब्द असा करिअर मार्गदर्शनाच्या कामी लागला.

जपानमधील अर्थ काय?

‘इकि’ म्हणजे जगणे, ‘गाई’ म्हणजे मोल. ज्यामुळे जगावेसे वाटते ते. नातवंड, परसातली भाजी, गाण्याचा रियाज, यातले काहीही चालते. त्यातून पैसे मिळावेत अशी अट नाही.

या विषयावरचा महत्त्वाचा जपानी ग्रंथ मनोविकारतज्ज्ञ मिएको कामिया यांनी १९६६ मध्ये लिहिला, तो कुष्ठरुग्णांमध्ये काम करताना. ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावरील रुग्णालयात हे रुग्ण घरादारापासून तोडून ठेवलेले होते. जपानने सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा रद्द केला तो थेट १९९६ मध्ये. रोग तोच, बंदिवास तोच; तरी काहींना जगणे निरर्थक वाटे, तर काहींना त्यातही अर्थ सापडे. हा फरक कशामुळे, हे कामियांना शोधायचे होते. नोकरी, पगार, बाजारातली मागणी यातले काहीच नसलेल्या या माणसांना चार वर्तुळांच्या हिशेबाने इकिगाई असूच शकले नसते!

दीर्घायुष्याशी संबंध?

ओसाकी भागातील ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांची सात वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इकिगाई नसल्याचे सांगणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात, इकिगाईने आयुष्य वाढते असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. उमेद आजारपणानेही खचते. पण त्या लोकांना प्रश्न काय विचारला होता, हे पाहण्याजोगे आहे. तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, इतकेच. ते पोट भरण्याचे साधन आहे का, हे कोणी विचारले नव्हते.