पहारेकरीच उलटले तर

उरणमध्ये पोटाचे दुखणे निघाले की दोन निदाने घरातच तयार असतात: तिखट फार झाले, नाहीतर मूळव्याध. तरुण मुलाला महिनोन्‌महिने जुलाब होतात, आव आणि रक्त पडते, वजन उतरते. तो लाजून बोलत नाही. बोललाच तर अम्मी गुळवेलीचा काढा उकळते. "प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे रे!" आम्हीही घरी हेच म्हणत आलो आहोत. पण एका आजारात हे वाक्य नेमके उलटे पडते.

त्या आजाराला डॉक्टर आयबीडी म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही. क्रोन हे न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांचे आडनाव; त्यांनी 1932 मध्ये सहकाऱ्यांसोबत या आजाराचे वर्णन केले.

आपले न्हावाशेवा बंदर डोळ्यांपुढे आणा. रोज हजारो कंटेनर येतात. कस्टमवाले संशयित तेवढे उघडतात, बाकीचे जाऊ देतात. प्रत्येक कंटेनर फोडू लागले तर बंदर बंद पडेल. आतड्याचेही तसेच आहे. तिथून अन्न जाते, तिथे अब्जावधी उपकारी जंतू राहतात, आणि म्हणूनच शरीरातल्या पहारेकरी पेशींची मोठी फौज तिथे असते. त्यातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी एरवी आत शिरलेला जंतू गुपचूप गिळतात, बोंब मारत नाहीत. आयबीडीत मात्र रक्तातून नव्या, तापट पेशी येतात आणि टीएनएफ नावाचे रसायन सोडतात. ती हाक ऐकून टी पेशी चवताळतात, न्यूट्रोफिल धावून येतात, आणि जखम होते ती आपल्याच आतड्याला.

या फौजेला आवरणाऱ्या टी पेशीही असतात. त्यांच्या शोधाबद्दल साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना 2025 चे नोबेल मिळाले. ज्या बाळांत या पेशी घडवणारे जनुक बिघडलेले असते, त्यांना जन्मानंतर लवकरच भयंकर जुलाब सुरू होतात. आवरणारा नसला तर काय होते, ते यावरून कळते.

म्हणून आयबीडीत उपचार फौज वाढवण्याचा नाही, शांत करण्याचा असतो. काढ्याचेही सांगून टाकतो. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. इजेचे रूप स्वतःच्याच पेशींनी यकृतावर हल्ला करावा तसे होते. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मानला नाही. वाद राहू द्या. पण आयबीडीच्या रुग्णाला डॉक्टरांना न विचारता काढा देऊ नका, एवढे आम्ही म्हणू.

टीएनएफला अडवणारी इंजेक्शने 1998 पासून क्रोन्ससाठी वापरात आहेत. आपल्याकडे त्यात एक पेच आहे, तो म्हणजे टीबी. अंगात झोपलेल्या टीबीच्या जंतूंभोवती याच मॅक्रोफेज पेशी कोट बांधून बसतात, आणि तो कोट टिकतो टीएनएफवर. इंजेक्शनने कोट ढासळला की टीबी उठतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी हवीच. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला जुळे भाऊ. दुर्बिणीने तुकडा काढून तपासला तरी कधीकधी ओळख पटत नाही. त्यामुळे डॉक्टर वेळ घेऊ लागले तर रागावू नका. घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका; सोयरिकीच्या भीतीने आपण लपवतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आजार शांत असेल तर काहींना रोजा झेपतो. पण गोळ्यांच्या वेळा सहेरी-इफ्तारीत कशा बसवायच्या, हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारावे. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करणे, विशेषतः स्टिरॉइड एकदम सोडणे, धोक्याचे.

सुरुवात कुठून करायची? शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. न्यूट्रोफिल पेशींतले हे प्रथिन वाढलेले निघाले तर आतड्यात सूज आहे असे समजतात, मग ती जंतुसंसर्गाचीही असू शकते. पुढे दुर्बीण लागेलच. 2024 पासून उरणहून लोकल सुटते, पोटाच्या तज्ज्ञाकडे जायला आता लाँचची वाट पाहावी लागत नाही. जाताना जुने रिपोर्ट आणि मूळव्याधीच्या नावाखाली घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत टाका, काढ्याची बाटलीसुद्धा.