कौशल्य, दैव आणि नाल

पुष्कराशी फासे खेळून राज्य घालविलेला नलराजा पुढे ऋतुपर्णाच्या पदरी सारथी म्हणून राहिला. बेहड्याच्या झाडावरील पाने-फळे ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने मोजून दाखविली आणि ते संख्याज्ञान व अक्षहृदयाची विद्या नलाला दिली. तिच्या बळावर नलाने गेलेले राज्य परत जिंकले, अशी महाभारतातील कथा आहे. संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावर थोड्या पैशांचा पोकर खेळणाऱ्या तरुणाच्या मनातही हीच आशा असते. हिशेब शिकला की दैव वश होते, असे त्याला वाटते. ही आशा सर्वस्वी खोटी नाही, आणि म्हणूनच ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन पाने गुप्तपणे मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. बावन्न पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या संभवतात. त्यांपैकी एक्क्यांच्या जोड्या केवळ सहा, म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा. यावरून पहिला नियम निघतो, तो असा की हाती आलेली बहुतेक पाने निमूटपणे टाकून द्यावीत. दुसरा नियम पाळीचा. ज्याची पाळी शेवटी येते त्यास इतरांचे मनसुबे आधी कळतात, तेव्हा अधिक डाव त्याच जागेवरून खेळावेत. तिसरा असा की हात बळकट असेल तेव्हा भरपूर पैसे लावावेत, आणि जो प्रतिस्पर्धी पाने टाकतच नाही त्याच्यापुढे हुलकावणीचा खटाटोप करू नये. थोड्या पैशांच्या टेबलावर असे हौशी खेळाडूच अधिक असतात.

चौथा नियम भावाचा, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. समजा, एखाद्याजवळ बदामाची चार पाने जमली आहेत आणि एकच पान उघडायचे राहिले आहे. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम नऊ, म्हणजे यशाची शक्यता सुमारे २० टक्के. मध्ये शंभर रुपये जमले असताना प्रतिस्पर्ध्याने पन्नास लावले, तर दोनशेच्या एकूण रकमेसाठी पन्नास, म्हणजे २५ टक्के, मोजावे लागतात. वीस टक्क्यांच्या मालासाठी पंचवीस टक्के किंमत देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. तेथे पाने टाकावीत. प्रतिस्पर्ध्याने वीसच रुपये लावले, तर १४० रुपयांसाठी सुमारे १४ टक्केच पडतात. तेथे खेळावे. याहून फारसे गणित लहान टेबलावर लागत नाही.

पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, हे येथवर मान्य करावे लागते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथात याच खेळाचे गणित मांडले. २०१९ साली तर ‘प्लुरिबस’ नामक संगणकप्रणालीने सहा जणांच्या टेबलावर निष्णात व्यावसायिकांना मागे टाकले. पडद्यापलीकडील प्रतिस्पर्धी मनुष्यच असेल याची खात्री त्या दिवसापासून संपली.

परंतु खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. खेळाडूंपुरता पाहिला तर पोकरमध्ये एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते. त्यात नवे काही उत्पन्न होत नाही. त्यातच टेबल मांडणारा प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. अड्ड्यावर याला ‘नाल’ म्हणतात. कौटिल्याने द्यूताध्यक्षास जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याचा अधिकार दिला होता, आणि संगणकावरील लहान टेबलांवरही शेकडा पाच हा दर सर्रास आढळतो. सहा जण प्रत्येकी पाचशे रुपये घेऊन बसले, दर डावात सरासरी साठ रुपये जमले आणि तासाला साठ डाव झाले, असे धरू. डावामागे तीन रुपये, तासाला १८० रुपये. टेबलावरचे सगळे तीन हजार रुपये सतरा तासांच्या आत मालकाच्या खिशात जातील. मोठ्या टेबलावर नालेला कमाल मर्यादा असल्याने तिचा भार हलका होतो. थोडक्या पैशांत खेळणाऱ्यावर तो प्रमाणाने सर्वांत जड पडतो.

शिवाय दैव आपला वाटा सोडत नाही. शंभर डावांमागे किमान पैजेच्या पाचपट कमावणारा खेळाडू चांगलाच कुशल म्हटला पाहिजे. पण तेवढ्याच डावांतील चढउतार सुमारे नव्वदपट असतो. या हिशेबाने दहा हजार डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता चारांत एकाहून अधिक उरते. मग महिनाभराच्या नशिबाला जो कौशल्य समजून बसला, त्याचे काय? आणि सोपे नियम सर्वांनीच शिकले, तर जिंकायचे कोणाकडून? एकाला शहाणपण ठरणारी गोष्ट सर्वांनी केली की निष्फळ होते, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथे तंतोतंत लागू पडतो.

आपल्या कायद्याने मात्र दीर्घकाळ कौशल्य की दैव एवढाच प्रश्न विचारला. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी लावली, १९६८ साली रमी कौशल्याची ठरली, तर २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार मानले. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के कर आला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ चालविण्यावर बंदी घालताना तो भेदच पुसून टाकला, आणि देशातील प्रमुख पोकर कंपन्यांनी पैशांचे डाव थांबविले.

हा भेद पुसणे योग्यच झाले. खेळात कौशल्य आहे म्हणून ते प्रत्येक खेळाडूजवळ आहे असे होत नाही. नाल मात्र प्रत्येकाकडून घेतली जाते. प्रौढ नागरिकाने स्वतःचे पैसे कसे उडवावेत हे सरकारने का ठरवावे, हा आक्षेप क्षुल्लक नाही. मांडवीच्या पात्रात परवान्याने कॅसिनो चालत असताना तर तो अधिकच टोचतो. पण पगारातले पाचशे रुपये गमावणाऱ्या कारकुनाचे दुःख पाचशे जिंकणाऱ्याच्या आनंदाहून मोठे असते, आणि दोघांमधून तिसराच निर्धोकपणे कमावतो. अशा व्यवहाराला दिवसरात्र खिशातल्या मोबाइलवर मोकळीक देणे हे स्वातंत्र्याचे रक्षण नव्हे.

तथापि बंदीने परदेशी स्थळे आपोआप बंद होत नाहीत, आणि मोहही संपत नाही. त्यावर उपाय शिक्षणाचाच. संभाव्यतेचा धडा महाविद्यालयांत आजही नाणी आणि फासे यांवरच संपतो. नालेचा आणि चढउताराचा हिशेबही त्याच फळ्यावर मांडला गेला पाहिजे. भाव वाईट असेल तर पाने टाकावीत, हा पोकरचा सर्वांत शहाणा नियम आहे. ज्याला तो नीट उमगला, तो त्याचा पहिला उपयोग टेबलावर बसण्यापूर्वीच करील.