५३ रुपयांचा कामगार

आज १ मे. तहसीलच्या आवारात सकाळी झेंडावंदन झाले, महाराष्ट्राचे गोडवे गाऊन झाले आणि नेहमीप्रमाणे कामगार दिनाच्या वाट्याला भाषणातले शेवटचे वाक्य आले. मोठ्या कारखान्यांचा तालुका म्हणून जिंतूरला कोणी ओळखत नाही. इथला कामगार म्हणजे ऊसतोडीहून नुकते परतलेले तांड्यावरचे कोयते, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, रोजगार हमीच्या मस्टरवरचे नाव. त्यांच्याविषयी या स्तंभात दर वर्षी लिहून येते. यंदा अशा मजुराविषयी लिहायचे आहे, ज्याचे नाव कोणत्याच युनियनच्या वहीत नाही, जो संपावर जाऊ शकत नाही आणि ज्याचा मुकादम खुद्द सरकार आहे. सक्तमजुरी भोगणारा कैदी.

विषय काहींना खटकेल, याची कल्पना आहे. ज्याने दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त केले त्याच्या रोजीची कसली काळजी करता, असे बसस्टँडसमोरच्या हॉटेलात कोणीही विचारील, आणि विचारणाऱ्याचे चुकते असेही नाही. पण न्यायालय शिक्षा देते तेव्हा नेमके काय काढून घेते, हे एकदा पाहावे. माणसाचे मोकळे फिरणे जाते, घर जाते, वर्षे जातात. काम करायची सक्तीही होते. त्या कामाचे मोल मात्र पाचव्या-सहाव्या हिश्शाने द्यावे, असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. ते ठरते मंत्रालयातल्या एका शासन निर्णयात, आणि तिथे आरोपीचा वकील उभा नसतो.

आपल्या तुरुंगांचा मूळ कायदा १८९४ चा. इंग्रजांनी केलेला, पण वाचायला बसले की काही ठिकाणी थबकायला होते. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. अडीनडीला घ्यायचेच झाले, तर अधीक्षकाची लेखी परवानगी हवी. डॉक्टरने काम करणाऱ्या कैद्यांना वेळोवेळी तपासायचे आणि निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाचे वजन करून त्याच्या पत्रकावर टिपायचे. कामाने तब्येत ढासळते आहे असे दिसले तर ते काम बंद. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे वजन सहा महिन्यांत कोणी एकदा तरी करते का, हा प्रश्न इथे मनात आल्यावाचून राहत नाही. असो. त्याच कायद्यात साध्या कैदेची सोयही आहे. साधी कैद असलेल्याला त्याची इच्छा असेल तोवरच काम. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची जी शिक्षा झाली, ती साध्या कैदेची होती. कोणी त्यांना कामाला जुंपू शकत नव्हते. येरवड्यात ते रोज चरख्यावर सूत कातत बसले ते स्वतःच्या मर्जीने.

गोऱ्यांच्या त्या कायद्यात तास होते, वजन होते. माणसाच्या घामाला न्याय्य दाम मिळावे, ही गोष्ट नव्हती. ती संविधानाने आणली. अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली. मग कैद्याकडून नाममात्र पैशात काम घेणे ही वेठच नाही काय, असा वाद वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गेला. काहींनी सांगितले, किमान वेतन द्या. राज्य सरकारे त्याविरुद्ध अपिलात गेली आणि २४ सप्टेंबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात निकाल दिला. सक्तमजुरीची शिक्षा असेल तर कैद्याची संमती नसतानाही काम घेता येईल, ती वेठ नव्हे. पण कामाचा न्याय्य मोबदला दिलाच पाहिजे. तो ठरवायला प्रत्येक राज्याने मंडळ नेमावे. कैद्याच्या जेवणाकपड्याचा खर्च हिशोबात धरायला हरकत नाही. आणि मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्या कुटुंबासाठी बाजूला काढण्याचा कायदा करावा. निकाल लागून पाव शतक उलटले. त्यातली जेवणाच्या खर्चाची गोष्ट सरकारांच्या चांगली लक्षात राहिली.

आता दर पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राने कैद्यांची मजुरी वाढवली. वाढीनंतर कुशल कामाला दिवसाचे ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४. त्याच वर्षी रोजगार हमीचा राज्यातला दर २७३ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ३१२ झाला. रोजगार हमी ही योजनाच मुळी महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडली, तलाव खोदले, त्यातून 'मागेल त्याला काम' हा हक्क कायद्यात आला. त्याच राज्याने भिंतीबाहेरच्या अकुशल हातांना २७३ आणि भिंतीच्या आतल्या तशाच हातांना ५३ लावावेत, यात जेवणाखाण्याचा खर्च कितीही धरला तरी हिशोब जुळत नाही. शिवाय जुळवून दाखवायची तसदीही कोणी घेतलेली नाही. ५३ चा आकडा कशातून काय वजा केल्यावर आला, हे लोकांपुढे यायला हवे. रोहयोच्या मजुराला निदान मोजमाप पुस्तिका तरी मागता येते.

५३ रुपये म्हणजे किती, ते जिंतूरच्या बसस्टँडवरून जास्त नीट कळते. मराठवाड्यात जन्मठेप किंवा लांबची शिक्षा झालेला माणूस बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल कारागृहात जातो. बायको मुलाखतीला निघते ती पहाटेच्या एसटीने, मंठा, जालना करत. २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून जमते तरी. तरीही जाण्यायेण्यात नवऱ्याची काही दिवसांची तुरुंगातली मजुरी जाते, आणि तिचा स्वतःचा निंदणी-वेचणीचा रोज बुडतो तो वेगळा. महिन्यात पंचवीस दिवस काम मिळाले, असे धरले तर त्याच्या खात्यावर १,३२५ रुपये जमतात. त्यातून साबण, तेल, बिस्कीट, घरी फोन. उरले तर घरी मनीऑर्डर. शाळेत जाणाऱ्या पोराला बापाचे नाव नकोसे झालेले असते. त्या नावाने दर महिन्याला घरात काही पैसे आले तर ते नाव थोडे तरी पुसायचे थांबते. कैदी सुधारला की नाही, हे मोजण्याचे यंत्र कोणाकडे नाही. त्याचे घराशी असलेले नाते टिकले का, एवढे मात्र पाहता येते, आणि ते बहुतेक वेळा पैशावर अडते.

राज्य सहकारी बँकेने हे ओळखले, असे म्हणावे लागेल. १ मे २०२२ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, येरवड्यात 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू झाली. कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. घरातल्या कर्त्या माणसाला सावकाराकडे जावे लागू नये, हा हेतू. योजना चांगलीच आहे. पण ५३ रुपये रोजावर ५० हजारांचे हप्ते फेडायला किती वर्षे लागतील, हे दुसरीतल्या पोरानेही मांडून पाहावे. मुळात मजुरी बरी असती तर कर्जाची गरज निम्मी झाली असती.

महाराष्ट्राला याहून मोठा विचार करता येतो, हे सांगायला लांब जावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातले आटपाडी, त्या काळी औंध संस्थानात. १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपले अधिकार लोकांच्या हाती दिले आणि त्याच वर्षी आटपाडीच्या माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. मूळ कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनाच्या शिक्षेतले लोक बायकामुलांसह राहणार, शेत कसणार आणि त्यावर जगणार. एका छोट्या संस्थानाने हे धाडस केले, तेव्हा साऱ्या देशात तुरुंग म्हणजे चक्की आणि कोलू होता. याच भागातल्या गदिमांनी ती गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनपर्यंत चित्रपटाचे नाव झाले. वसाहत आजही आहे, मात्र तिच्यातली जागा हजारो कैद्यांपैकी मोजक्यांच्याच नशिबी येते.

आपल्याला जवळचे खुले कारागृह पैठणचे. ज्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्याची परभणी जिल्ह्याचे शेवटचे टोक दर वर्षी वाट पाहते, त्याच धरणाच्या अंगाला ते आहे. तिथे जाण्यासाठी १९७१ च्या खुल्या कारागृह नियमांची चाळणी आहे. वागणूक चांगली, शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेला, पळून जाण्याचा इतिहास नाही, वगैरे. त्या चाळणीतून गेलेल्या माणसाला माफीही जास्त मिळते, म्हणजे शिक्षेचे दिवस लवकर कमी होतात. जिंतूर, सेलू, मानवत भागातला कैदी मुळात शेतकरी किंवा शेतमजूर. त्याला हातमागावर बसवले तर शिकतो. पण कापूस, तूर, सोयाबीन त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक आहे. शेतीच्या जागा वाढवल्या तर शिकवायचा खर्चही वाचतो. कृषी विद्यापीठ परभणीत आहे. सुटून आलेल्या माणसाला गाव पहिली काही वर्षे कामावर घेत नाही, तेव्हा ठिबक किंवा रोपवाटिकेचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र त्याला कामी येईल. तुरुंगाच्या शिक्क्याचा कागद कोणी दाखवायलाही धजत नाही.

कामाच्या नियमांतली सर्वांत काळी बाजू मात्र दराची नव्हती, वाटपाची होती. देशातल्या अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वयंपाक कोणत्या जातीने करावा आणि मैला कोणत्या जातीने उचलावा, हे स्वातंत्र्यानंतरही छापलेले राहिले. सुकन्या शांता या पत्रकाराने त्याविरुद्ध याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या, नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत धरणारी भाषाही त्या निकालाने मोडीत काढली. आमच्या तालुक्याला हा निकाल दिल्लीतली बातमी म्हणून सोडून देता येणार नाही. इथे तांडे आहेत, पारध्यांची पाले आहेत. चोरी झाली की पहिली जीप कुठे वळते, हे सगळ्यांना माहीत आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला. तुरुंगाच्या झाडूपर्यंत ती बातमी पोचायला आणखी बहात्तर वर्षे लागली.

आणि सगळा हा विचार झाला पक्क्या कैद्यांचा. कच्च्या कैद्याचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार २२० बंदींपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जणांचा खटलाच संपलेला नव्हता. दर चारांत तिघे. त्यांना कामाची सक्ती करता येत नाही, आणि ते योग्यच. पण मागितले तर देता येते. जिल्हा पातळीवरच्या गच्च भरलेल्या तुरुंगांत मागून तरी द्यायला काय आहे? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत कोठडीतल्या तरुणाच्या मृत्यूनंतर जिल्हा कारागृहाकडे सगळ्या राज्याचे लक्ष गेले. ते प्रकरण न्यायालयात गेले, त्यावर इथे बोलायचे नाही. पण जामिनाला जामीनदार मिळत नाही म्हणून वर्ष-वर्ष बसून राहणाऱ्या पोरांना चार शिलाई यंत्रे आणि शिकवणारा एक माणूस द्यायला कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. बसून राहिलेला पोरगा आत काय शिकतो आणि कोणाकडून, ते पोलिसांना विचारावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, मुद्देमाल परत केलेला. किंवा दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा. अशा गुन्ह्यांना आता तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचे काम सांगता येते, बिनपगारी. बिनपगारी ठीक आहे, कारण तिथे माणूस संध्याकाळी घरी जातो आणि आपला रोज सांभाळतो. मात्र न्यायाधीशांनी काम सांगायचे तर ते कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे ठरलेले हवे. ग्रामीण रुग्णालय, नगर परिषद, येलदरीच्या वाटेवरची झाडे, चारठाण्याच्या जुन्या देवळांचा परिसर. जागांना तोटा नाही. हजेरी घेणारा मात्र नेमावा लागेल. अन्यथा शिक्षा कागदावर राहील, किंवा एखाद्या साहेबाच्या अंगणात.

राज्याने २०२४ च्या अखेरीस कारागृहांचा आणि सुधारसेवांचा नवा कायदा मंजूर केला आहे. कायदा मोठ्या शब्दांत बोलतो, दर नियमांत ठरतात, म्हणून आताच बोलायला हवे. जे लोक म्हणतात की कैद्याला जास्त मजुरी नकोच, त्यांनी सुताराचा तरी विचार करावा. तुरुंगात ७४ रुपयांत बनलेले टेबल सरकारी कचेरीत जाते, तेव्हा बाहेरच्या सुताराची एक ऑर्डर जाते. अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी याच कारणासाठी १९३० च्या आसपास झगडून तुरुंगी मालाच्या विक्रीवर बंधने आणली होती. आत स्वस्त मजूर असला की बाहेरचाही स्वस्त होतो.

आमच्या तालुक्यातले बरेच खून बांधावरून होतात. दोन एकरांच्या वादात एका घरचा माणूस सरणावर जातो, दुसऱ्या घरचा हर्सूलला. आणि दोन्ही घरच्या विधवा, एक खरी आणि एक नवरा असून, त्याच सोसायटीच्या रांगेत उभ्या राहतात. १९९८ च्या निकालाने पहिलीचा वाटा मजुरीतून काढायला सांगितले होते. ५३ रुपयांतून काढून काढून काय काढणार? मजुरी रोजगार हमीच्या ३१२ ला बांधा. खाण्याकपड्याचे शंभर कापा, पण कापल्याचा हिशोब दाखवा. उरले २१२. त्यातले पन्नास मारल्या गेलेल्याच्या घरी, शंभर कैद्याच्या घरी, बाकीचे त्याच्या सुटकेच्या दिवसासाठी खात्यावर. पंचवीस दिवसांचे पहिल्या घरी साडेबाराशे होतात, दुसऱ्या घरी अडीच हजार. सरकारने नवे नियम काढण्याआधी हे गणित चुकीचे आहे असे दाखवावे, किंवा लागू करावे.