नदीची चाल बदलली की मासाही बदलतो

मासा हा काही आपला विषय नव्हे असे कोणी म्हणेल. जरा थांबा.

भारी काळ्या जमिनीतली पऱ्हाटी छातीला लागते, तेच बियाणे बरडावर गुडघ्याशी थांबते. बी एकच, रूप पाण्याने बदलले. हे तुम्हाला कोणत्या विद्यापीठाने शिकवलेले नाही. लहान माशाचेही काहीसे असेच. वाहत्या पाण्यात निमुळत्या अंगाला प्रवाहाशी झुंजायला जोर कमी लागतो. धरण झाले, पाणी तुंबले, की त्याच जातीचा मासा पोटापाठीत रुंद होत जातो. साठलेल्या पाण्यात मोठे मासे मागे लागतात. तिथे चटकन वळणारा आणि घशात सहज न मावणारा वाचतो. अमेरिकेतल्या मोबाईल नदीच्या खोऱ्यात हे मोजून 2010 साली छापले गेले. ओक्लाहोमात तर धरणाआधी पकडून संग्रहालयाच्या बरण्यांत ठेवलेले मासे बाहेर काढून नंतरच्या माशांशेजारी ठेवले. थोड्याच पिढ्यांत अंग बदललेले. पऱ्हाटीचे बी पुढच्या वर्षी भारी जमिनीत टाकले की पुन्हा वाढते. माशात मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड चालली, तर बदल बियाण्यातच उतरतो.

आता आपल्याकडे या. मिरा-भाईंदरच्या नळाला उल्हास नदीचे पाणी येते. भर उन्हाळ्यात उल्हासला पाणी कुठून? भिवपुरीला टाटांचे वीजघर 1922 साली सुरू झाले. त्याला लागणारे पाणी आंध्रा नदीचे. आंध्रा मिळते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला. म्हणजे सोलापूरच्या ज्वारीच्या दिशेने निघालेले पाणी ठोकरवाडीला अडवून घाटाखाली पश्चिमेला सोडले. धरणाच्या वर नदी तुंबली, खाली रोडावली, आणि घाटाखालची उल्हास वीजघराच्या वेळापत्रकाने चढू-उतरू लागली.

सूर्या नदीचे तेच. धामणी धरण बांधताना नाव सिंचनाचे होते. पुढे शहरांसाठी योजना आखली ती रोज 403 दशलक्ष लिटरची. 218 मिरा-भाईंदरला, 185 वसई-विरारला. शहरवाल्याने पाणी पिऊ नये असे मी म्हणत नाही, तहान ती तहानच. पण हिशेब कोण लिहितो? मी शेतकी पदवीला हेक्टर-सेंटिमीटरमध्ये पाणी मोजायला शिकलो. नदी कोणत्या महिन्यात किती वाहिली पाहिजे, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. तुंबवणाऱ्यांच्या कागदावरही तो नसतो. खालच्या शेतकऱ्याची विहीर त्यात नाही, तसा मळ्याही नाही.

मळ्या म्हणजे ओठाखालच्या चकतीने दगडाला चिकटणारा आपला बोटाएवढा मासा. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनचे मासे नोंदवताना हे मराठी नावच शास्त्रात घेतले. दगडावर गाळ बसला की त्याचे चरायचे रानच गेले.

म्हणून ज्यांच्या नदी-नाल्यावर धरणाची आखणी चालू आहे, त्यांनी पाणी अडण्याआधी एक काम करावे. लहान मासे पट्टीशेजारी आडवे ठेवून फोटो काढा. तारीख, गाव आणि ठिकाण लिहा. दर महिन्याला पुलाखाली पाणी किती खोल आहे तेही त्याच वहीत उतरवा. पुढच्या जिल्हा बैठकीला वह्या सोबत आणा. पाटबंधारे खात्यापुढे मांडायला आपल्या हातात कागद हवा.