फरशी चकाकते, कामगार बेदखल

शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके आणि चाळी यांतील मोझॅक फरशी पिढ्यान् पिढ्या टिकते. ती घडविणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही हजेरीपटावर टिकत नाही. काँक्रीटचा पृष्ठभाग घोटणारा, पेव्हर ब्लॉक बसविणारा आणि मोझॅक घासणारा हे बांधकाम उद्योगातील कुशल कामगार होत. तरीही कल्याणकारी कायद्याच्या चाळणीतून नेमके तेच गळून पडतात. याचे मूळ कायद्याच्या एखाद्या कलमात नाही. त्यांचे श्रम ज्या पद्धतीने खरेदी केले जातात, त्या पद्धतीत आहे.

काँक्रीट किती वेळात आवळेल हे हवा, पाणी आणि सिमेंट ठरवितात. वर आलेले पाणी ओसरण्यापूर्वी थापी लावता येत नाही आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर ती लावून उपयोग नसतो. दुपारी उशिरा काँक्रीट पडले, तर कारागीर रात्रीपर्यंत गुडघ्यांवर असतो. आठ तासांचा दिवस तेथे संपतो. आणि जादा तासांचा मोबदलाही मिळत नाही, कारण दर दिवसाचा नसून चौरस फुटाचा असतो. ओल्या सिमेंटच्या अल्कलीने कातडी भाजते आणि त्यातील क्रोमियममुळे जुनाट त्वचारोग जडतो. मोझॅकमध्ये संगमरवराची खडी सिमेंटात बसवून ती कार्बोरंडमच्या दगडांनी टप्प्याटप्प्याने घासतात आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने चमक आणतात. ओल्या फरशीवर विजेचे यंत्र चालते. अर्थिंग नसेल तर प्राणावर बेतते. काँक्रीट सुके घासले किंवा ब्लॉक सुका कापला, की सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाते. 1948 च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा अधिसूचित रोग मानला. परंतु ज्याच्या कामाची जागा दर आठवड्याला बदलते, त्याच्या रोगाची नोंद कोण ठेवणार? पेव्हर ब्लॉकची दाबशक्ती, पाणी शोषण आणि झीज तपासण्यासाठी आयएस 15658 हे मानक आहे. ब्लॉक बसविणाऱ्याच्या गुडघ्यांची झीज मोजण्याची तसदी कोणीही घेत नाही.

उक्त्या दराने कुशल कारागीर अधिक कमावतो, असा युक्तिवाद ठेकेदार करतात. कामाच्या चार चांगल्या महिन्यांपुरता तो खरा दिसतो. पण हत्यारांची झीज, पावसाळ्यातील बेकारी, बिगाऱ्याची मजुरी आणि बिघडलेल्या कामाची भरपाई त्याच दरातून जाते. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात उक्त्या मजुरीचे विवेचन करताना दाखविले आहे, की याच पद्धतीमुळे मालक आणि मजूर यांच्यामध्ये मध्यस्थांची साखळी शिरते. आजच्या बांधकामावर विकासक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम अशी ती साखळी उभी आहे. प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. जबाबदारी मात्र सर्वांत खालच्याकडे सरकवितो.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत 90 दिवसांच्या कामाची अट घातली. उपकराच्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या 1 ते 2 टक्के उपकराची तरतूद केली. मोझॅकवाला वर्षात 90 दिवसांहून कितीतरी अधिक राबतो. पण वीस मालकांकडे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मागितला जाणारा कामाचा दाखला त्यांपैकी कोणीच देत नाही. परिणाम काय झाला, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात नमूद आहे: 37,400 कोटींहून अधिक रुपये गोळा झाले, खर्च झाले सुमारे 9,500 कोटी. मजुराच्या नावाचा पैसा तिजोरीत आणि मजूर नोंदवहीबाहेर!

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे दोन्ही कायदे त्यांत विरघळले. 90 दिवसांची अट कायम राहिली. उपकराची आकारणी मालकाने स्वतःच करायची आहे. ठेकेदारांना लागू होणारी कामगारसंख्येची मर्यादा 20 वरून 50 वर नेण्यात आली. घोटाईची वा पॉलिशची टोळी चार-सहा जणांची असते. तिला या मर्यादेचा आधार कसा मिळणार?

यावर उपाय नाही असे नव्हे. महाराष्ट्रातील माथाडी कामगारही एकेकाळी असेच विखुरलेले होते. 1969 च्या कायद्याने मालक आणि कामगार या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी झाली. मजुरी आणि लेव्ही मंडळात भरणे मालकाला भाग पडले. मालक अनेक असले तरी हक्क एका ठिकाणी जमा होऊ शकतो, हा त्या लढ्याचा धडा आहे. फरशी आणि काँक्रीटच्या कारागिरांसाठी अशीच मंडळे, नोंदणीकृत युनियनच्या दाखल्याला सर्वत्र मान्यता आणि थकलेल्या मजुरीची जबाबदारी थेट विकासकावर, या मागण्या पुढे आल्या पाहिजेत.

त्या निवेदने देऊन मिळणार नाहीत. हा कामगार बांधकामाच्या फाटकावर सापडत नाही, कारण तेथे तो चार दिवसच असतो. तो सापडतो सकाळच्या मजूर नाक्यावर. इंदूर असो, सुरत असो वा हैदराबाद, नाका सर्वत्र आहे आणि तेथे प्रांतोप्रांतीचा मजूर शेजारी शेजारी उभा असतो. म्हणून युनियनची शाखा नाक्यावर उभी राहिली पाहिजे. सभासदाच्या कामाच्या दिवसांची वही तिने ठेवली पाहिजे, दर चौरस फुटाचा किमान दर तिने ठरविला पाहिजे आणि अर्थिंग नसलेले यंत्र हाती घेण्यास एकमुखाने नकार दिला पाहिजे. एकट्या कारागिराचा नकार म्हणजे उपासमार. नाक्याचा नकार म्हणजे बंद पडलेले काम. ही शक्ती जेव्हा संघटित होईल, तेव्हाच कायद्यालाही हा कामगार दिसू लागेल.